पळा आणि कडू

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी त्याचा आराखडा कागदावर उतरवावा, आणि आराखडा उतरवण्यापूर्वी मागणी नेमकी काय आहे हे समजून घ्यावे, असे आम्हाला तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवले होते. यातला पहिला अर्धा भाग मी आयुष्यभर निष्ठेने पाळला. कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून आराखड्याशिवाय साधा नळसुद्धा बसवला गेला नाही. उरलेल्या अर्ध्या भागाने मात्र माझ्यावर सूड उगवला, आणि तोही आईच्या सहलीच्या दिवशी, चारचौघांत.

आईला पक्षाघाताचा झटका आला, त्या वेळचे इस्पितळातले दिवस मी येथे सांगत नाही. ते सगळ्यांच्या घरी सारखेच असतात. ती घरी परतली तेव्हा तिचा उजवा हात आणि उजवा पाय रुसलेल्या पाहुण्यांसारखे तिच्यासोबत आले होते. म्हणजे हजर होते, पण कशात भाग घेत नव्हते. बोलणे एकेका शब्दावर आले होते. जिने प्राथमिक शाळेत उभी हयात मुलांना अक्षरे शिकवली, आणि निवृत्तीनंतर आमच्या बाहेरच्या खोलीत शिकवणी चालवली, तिच्या तोंडून दिवसाकाठी जेमतेम काही शब्द निघत. ते झेलायला आम्ही टपलेले असू. ती 'कुर्ची' म्हणाली की खुर्ची पुढे करायची. 'गर' म्हणाली की, "हो, घरीच आहेस तू," असे सांगायचे. लिहून सांगता येईल का, म्हणून इस्पितळातच तिच्या डाव्या हातात पेन देऊन पाहिले होते. कागदावर कोळ्याने जाळे विणावे तसे काहीसे उमटले, आणि आईने पेन भिरकावले. तो विषय तिथेच मिटला.

दोन शब्द मात्र ती पुन्हा पुन्हा म्हणे, आणि ते लख्ख ऐकू येत. एक 'पळा', दुसरा 'कडू'.

'कडू'चा उलगडा मी लगेच केला. औषध कडू लागत असणार. डॉक्टरांकडे जाऊन मी गोळ्या बदलून आणल्या. तरीही 'कडू'. मग प्रत्येक गोळीनंतर तिच्या जिभेवर साखर ठेवण्याची पद्धत सुरू केली. आईने ती साखर माझ्या सदऱ्यावर थुंकली. पक्षाघातानंतर माणसाचा स्वभाव बदलतो, असे मी तेव्हा कुठेतरी वाचले होते. मी सदरा बदलला.

'पळा'वर शेजाऱ्यांनी बैठक भरवली. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "त्यांना काहीतरी दिसत असावं. या वयात माणसांना दिसतं. खिडकीला पडदा लावा." त्यांच्या सल्ल्याला फी नसते, त्यामुळे तो भरपूर असतो. समोरच्या काकूंना हे मुळीच पटले नाही.

"पडदा काय लावता! आधीच बिचारी चार भिंतींत कोंडलीय. 'पळा' म्हणजे काय? निघा इथून, न्या मला कुठेतरी! इतकं सरळ आहे."

मला ते पटले. त्यात करण्यासारखे काम दिसत होते, हे एक कारण. दुसरे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. जन्मापासून ज्या आईने मला 'अरे'खेरीज हाक मारली नाही, ती आता मला एकट्याला पाहूनही 'पळ' न म्हणता 'पळा' म्हणत होती. मुलाने पेन्शनीत गेल्यावर तरी आईकडून एवढा मान मिळवावा, यात गैर काय?

मी तिला विचारले, "आई, तळ्याच्या बागेत जायचं का?"

तिने मान आडवी हलवली. आमच्या घरात आईच्या 'नको'चा अर्थ 'तुम्हाला त्रास नको' असा होतो, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या गृहीत धरलेले आहे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली अडचण दारातच होती. आम्ही तळमजल्यावर राहतो, पण इमारत बांधणाऱ्याने तळमजल्यालाही पायऱ्या चढून गेल्याखेरीज मान मिळत नाही असे समजून दाराशी पायऱ्या घातल्या होत्या. चाकांची खुर्ची त्यावरून उतरवायची तर रॅम्प हवा. नियमाप्रमाणे उतार किती असावा याचे गणित मी मांडले, तेव्हा रॅम्प आमच्या पायरीपासून निघून, फाटक ओलांडून, रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात संपत होता. दुकानदाराला त्यात फायदा दिसला. इमारतीच्या सेक्रेटरींना दिसला नाही.

"कायमचा की तात्पुरता?" त्यांनी विचारले.

"तात्पुरता."

"मग परवानगीची गरज नाही. फक्त गरज नाही असं कमिटीचं पत्र घ्या."

"ते कोण देणार?"

"कमिटी. तिची बैठक झाली की."

"ती कधी?"

"कोणीतरी तसा अर्ज केला की!"

वकिलांनी या प्रसंगी प्रथमच उपयोगी सल्ला दिला. हातांनी उचलून ठेवलेली आणि हातांनी उचलून नेलेली वस्तू ही बांधकाम नसून सामान ठरते, असे त्यांचे मत पडले. म्हणजे मला उचलता येईल अशी, पण खुर्चीचे वजन पेलेल अशी एक रुंद, जाड फळी हवी होती. अशी वस्तू घरात होती. आईचा पलंग बसावा म्हणून बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरचा फळा मी उतरवून जिन्याखाली उभा केला होता. जुन्या काळचे अस्सल लाकूड. कुठे पोक नाही, कुठे कीड नाही.

हे लिहिताना मला जे दिसते आहे, ते वाचकांनाही दिसले असेल. त्या दिवशी मला फक्त लाकडाची जाडी दिसली. फळ्याची मागची बाजू गुळगुळीत आणि पुढची काळी बाजू खरखरीत; म्हणून चाक घसरू नये यासाठी मी काळी बाजू वर ठेवली, आणि मागे आडव्या पट्ट्या ठोकल्या. ठोकण्याचा आवाज ऐकून आई आतून ओरडली, "पळा!" मी हातोडा तसाच हातात धरून म्हणालो, "हो, आई, निघायचंच आहे!"

निघण्याच्या सकाळी आईला खुर्चीत बसवून दाराशी आणले. मागून मी, पुढून वकील, बाजूला आमची ही, आणि सूचना देण्यासाठी काकू. चाके फळ्यावर चढणार तोच आईने खाली पाहिले, आणि तिने जो काही स्वर काढला तसा मी तिच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता.

"पळा! पळा! पळा!"

तिचा डावा हात चाकाच्या पुढे, खाली, फळ्याकडे झेपावत होता.

"बघा, कशी घाई झालीय त्यांना," काकू गहिवरल्या. "अहो, पटकन न्या ना!"

आम्ही पटकन नेले. आमच्या मूळ गणितापेक्षा उतार बराच तीव्र होता, त्यामुळे शेवटी शेवटी आम्ही खुर्चीला नेत नव्हतो. ती आम्हाला नेत होती. वकील उलट्या पावलांनी फाटकापर्यंत धावले आणि सेक्रेटरींच्या कुंडीत बसून थांबले. कुंडी फुटली. कोणालाही लागले नाही, याबद्दल मी समाधान व्यक्त केले. सेक्रेटरींनी केले नाही. आईच्या गालावरून पाणी वाहत होते. ते मोकळ्या हवेचे आहे, यावर ही सोडून सगळ्यांचे एकमत झाले. ही आईचे तोंड पुसत होती आणि अधूनमधून वळून त्या रॅम्पकडे पाहत होती.

भाड्याच्या गाडीत खुर्ची मावेल की नाही याची मापे मी घेऊन ठेवली होती. गाडीवाल्याच्या डिकीत गॅसची टाकी आहे हे मापात नव्हते. अखेरीस घडी घातलेली खुर्ची वकिलांच्या मांडीवर ठेवावी लागली. ते खरे तर येणार नव्हते. परंतु कुंडीच्या प्रकरणानंतर काही काळ इमारतीबाहेर राहणे त्यांना सोयीचे वाटले. बागेत पोहोचेपर्यंत आईने खिडकीबाहेर एकदाही पाहिले नाही. तिने डोळे मिटून घेतले होते. मी तिला रस्त्यातली प्रेक्षणीय स्थळे मोठ्या आवाजात सांगत होतो.

बागेच्या फाटकाला माणसांनी एकेक करून आत जावे असा लोखंडी फिरता दांडा होता. शेजारी एक रुंद फाटक होते, पण त्याला कडी होती आणि कडीशेजारी पहारेकरी होता.

"वाहन आत न्यायला मनाई आहे," तो म्हणाला.

"हे वाहन नाही. खुर्ची आहे," मी म्हणालो.

"चाकं आहेत."

वकील पुढे सरसावले. "चाकं तर तुमच्या कचऱ्याच्या गाडीलाही आहेत!"

"ती खात्याची आहे."

"म्हणजे खात्याचा कचरा आत जातो आणि माणूस जात नाही?"

"साहेबांची चिठ्ठी आणा, मी लगेच सोडतो."

"साहेब कुठे आहेत?"

"आत."

"मग आम्ही आत जातो आणि चिठ्ठी घेऊन येतो."

"तुम्ही जा की! खुर्ची नाही जाणार. आणि साहेब आता जेवायला बसलेत."

मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक आहे, कारखान्यात चारशे माणसे मला साहेब म्हणत असत, हे सांगण्याची वेळ माझ्यावर आली. पहारेकऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "असेल." या एका शब्दाइतका अपमान मला लांबलचक शिवीनेही झाला नसता. माझ्यामागे फिरत्या दांड्याशी लोकांची रांग खोळंबली होती. कोणी चुकचुकत होते, कोणी मला बाजूला होण्याचे मार्ग सुचवत होते.

तेवढ्यात आईने डोळे उघडले. रुंद फाटकाच्या गजांतून तिने आत पाहिले, ताठ झाली, आणि डावा हात उचलून किंचाळली, "पळा! पळा!"

आत, पहारेकऱ्याच्या खोलीशेजारी मोठे झाड होते. झाडाखाली तिकाटण्यावर एक फलक उभा होता, आणि त्यावर खडूने ठळक लिहिले होते: 'सुचना. या झाडावर आग्या मोहोळ आहे. सावध रहा.'

एका वृद्ध, आजारी स्त्रीने त्या झाडाकडे बोट दाखवून 'पळा' म्हटल्यावर काय होते, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. रांग मोडली. डोक्यावर पिशव्या, रुमाल, चपला, जे हाताला येईल ते घेऊन माणसे रस्त्याकडे धावली. पहारेकरी आपल्या खोलीत शिरला, वकील त्याच्या आधी शिरले होते, आणि दार आतून बंद झाले. मी खुर्ची मागे ओढू लागलो. पण ती हलेना. आईने डाव्या हाताने फाटकाचा गज गच्च धरला होता.

"आई, सोड! चावतील!"

"पळा!"

"तेच तर करतोय!"

"थांबा!" ही म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "एक तरी माशी दिसतेय का तुम्हाला?"

दिसत नव्हती. मोहोळ वरती आपल्या जागी स्वस्थ होते.

"आई झाडाकडे बघतच नाहीयेत," ही म्हणाली. "खाली बघताहेत. त्या फळ्याकडे." आणि मग, तोंडातल्या तोंडात घास घोळवावा तसा तिने तो शब्द घोळवला. "फळा... पळा. अहो, 'खुर्ची'ला त्या काय म्हणतात?"

"कुर्ची."

"'घर'ला?"

"गर. पण त्याचा इथे काय..."

"आणि मला सांगा, तुम्ही एकटेच समोर असलात तरी 'पळा'च म्हणतात ना त्या? 'पळ' नाही म्हणत. जन्मात कधी अहोजाहो केलंय त्यांनी तुम्हाला?"

ज्या मानाबद्दल मी मनातल्या मनात समाधानी होतो, तो असा भर रस्त्यात काढून घेतला गेला. चुकीचा उच्चार आम्ही रोज दुरुस्त करून घेत होतो, कारण 'कुर्ची' नावाची वस्तू जगात नाही. परंतु 'पळा' आणि 'कडू' हे चांगले घरंदाज शब्द. त्यांच्यावर संशय कोण घेणार?

"कडू म्हणजे..." मी म्हणालो.

"खडू," ही म्हणाली.

आईने गज सोडला. तिचा हात मांडीवर पडला. तिने आमच्या दोघांकडे पाहिले आणि मान उभी हलवली. एकदा, मग पुन्हा, मग कितीतरी वेळ. चुकत चुकत अखेर बरोबर उत्तरावर आलेल्या वर्गाकडे बाई कशा पाहतील, तसे काहीसे तिच्या चेहऱ्यावर होते, पण त्याखाली इतका थकवा होता की मला तिकडे पाहवेना. आणि तेव्हा मला आठवले की आज सकाळी आम्ही तिला कशावरून उतरवत आणले.

"आई," मी म्हणालो, "तुझा फळा... तो मी रॅम्पला..."

"माईत," आई म्हणाली.

म्हणजे माहीत आहे. माहीत असणारच, ती त्यावरून गेली होती.

मोहोळ उठले नाही असे पाहून पहारेकरी बाहेर आला. एकदा पळून गेलेल्या माणसाचा आवाज लगेच पूर्वीइतका चढत नाही. हिने स्वतःच रुंद फाटकाची कडी काढली, खुर्ची आत ढकलली, आणि त्याच्यापुढे हात पसरला. "जरा खडू द्या."

"तो खात्याचा आहे."

"खडू वापरल्याने झिजतो, हे मान्य," वकील दारातून म्हणाले, "पण झिजणं म्हणजे अपहार नव्हे." त्याने खडू दिला.

मी खुर्चीला फलकाशी लावून ब्रेक ओढले. आईने डाव्या हातात खडू घेतला. पेनासारखा नाही, मुठीत, आडवा. तिने थोडा वेळ फलकावरचा मजकूर वाचला. मग खडू मांडीवर ठेवला, हात उचलला, आणि 'सुचना' मधल्या 'सु'चा उकार तळव्याने पुसून टाकला.

"अहो, अहो! साहेबांचं अक्षर आहे ते!" पहारेकरी ओरडला.

आईने खडू उचलला. तिचा खांदा आधी हलला, मग कोपर, आणि हात सर्वांत शेवटी. इस्पितळात आम्ही तिच्या बोटांना लिहायला सांगितले होते. फळ्यावर बोटे लिहीत नाहीत, हात लिहितो, आणि तो खांद्यापासून लिहितो, हे तिला ठाऊक होते. तिच्याजवळ ते सांगायला शब्द नव्हते. 'सू'ला वाकडातिकडा, पण निर्विवाद दीर्घ उकार मिळाला. मग तिने खालच्या ओळीत 'रहा' मधल्या 'र'ला काना दिला.

झटका आल्यापासून एक प्रश्न मी स्वतःलासुद्धा विचारला नव्हता. डॉक्टरांनाही आडून आडूनच विचारला होता. आत ती आहे ना? सगळी? की थोडी? तो काना पाहिला आणि मी चष्मा पुसण्याचे निमित्त करून झाडामागे गेलो.

परत आलो तेव्हा बागेचे अधीक्षक ओल्या हातांनी फलकासमोर उभे होते.

"सूचनेत बदल कोणी केला?"

त्यांनी फलक वाचला, मग पुन्हा वाचला.

"'राहा'ला काना असतो?"

आईने त्यांच्याकडे रोखून पाहिले.

"असेल, असेल," अधीक्षक म्हणाले. "पण मग आमच्या सगळ्या बागेत चूक आहे. 'हिरवळीपासून दूर रहा', 'पाण्यापासून दूर रहा'..." त्यांचा आवाज खाली आला. "चालू द्या, बाई."

आईने फलकाच्या खालच्या मोकळ्या भागात एक अक्षर काढले. 'प'. मोठे, डगमगते. त्यावर खडू टेकवून ती थांबली, दम घेतला, आणि त्या 'प'ला उजवीकडे एक वळणदार शेपूट जोडले. 'फ' झाला. मग खडूने तिने त्या शेपटाकडे दाखवले, आणि नंतर स्वतःच्या तोंडाकडे. पुन्हा शेपटाकडे, पुन्हा तोंडाकडे.

"एवढंच गेलंय," ही हळूच म्हणाली. "एवढंच येत नाहीये त्यांना."

इतके दिवस ती फळा मागत होती तो एवढ्यासाठी. काय हरवले आहे हे तिला पहिल्यापासून नेमके ठाऊक होते, आणि ज्यांना ते येत नाही त्यांना ते कसे शिकवायचे हेही. शिकणारी तेवढी नवी होती.

तिने माझा हात ओढला आणि माझाच तळवा माझ्या तोंडासमोर धरला. 'प'वर खडू ठेवला.

"प," मी म्हणालो.

'फ'वर ठेवला.

"फ," मी म्हणालो, आणि तळव्यावर वाफेसारखा श्वास आदळला. मी पुन्हा म्हणून पाहिले. 'प'ला काही नाही, 'फ'ला फुंकर. साठी उलटेपर्यंत मी ही दोन्ही अक्षरे रोज वापरत आलो होतो, आणि त्यांच्यातला फरक हवेचा आहे हे मला माहीत नव्हते. शेजारी वकील आपल्या तळव्यावर 'फ, फ' करून पाहत होते. पहारेकऱ्याने 'ख' करून पाहिले आणि तो चकित झाला. अधीक्षक पाठ वळवून उभे होते, पण त्यांचाही कोपर वर आलेला मला दिसला.

आईने माझा तळवा आता स्वतःच्या तोंडासमोर घेतला.

"प," ती म्हणाली. ओठ हलले. तळव्याला काही जाणवले नाही.

"प."

काही नाही. मी तिला धीर देण्यासाठी काही बोलणार होतो; हिने माझ्या दंडाला चिमटा काढला.

आईने डोळे मिटले. तिच्या मानेची शीर वर आली, एका बाजूचा गाल थोडा फुगला, दुसरा तसाच राहिला. "प," ती म्हणाली. पण या खेपेस अक्षर संपल्यावर काहीतरी थोडेसे उरले, आणि ते ऊबदार होऊन माझ्या तळव्याच्या मध्यभागी लागले.

"लागलं?" हिने विचारले.

मी मान हलवली.

आईने डोळे उघडून माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मी खरे सांगतो आहे की तिचे मन राखतो आहे, हे तिने नीट तपासले. मग तिने दम घेतला, पुन्हा ओठ मिटले, आणि माझा हात खाली घेऊ दिला नाही.